तबकडीत वाजलेल्या बांगड्या

ताडकळसच्या लिंगराज वाण्याच्या बायकोचा आवाज हैदराबादेत तबकडीवर भरून घेतला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि आगगाडीत पहिल्यांदाच बसली होती. तिचं नाव मल्लम्मा. गावात तिच्या गळ्याचं कौतुक होतं. सोमवारी लिंगायतांच्या घरी भजन असलं की कुणब्यांच्या बाया भिंतीपलीकडं येऊन बसायच्या आणि तिचं पद झालं की उठून जायच्या.

हा गळा काही बापाकडून आलेला नव्हता. तिचे वडील चन्नबसप्पा यांचा आवाज म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट. पण पद रचावं तर त्यांनीच. पाथरीला त्यांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. मनात ओळ घोळत असली की गिऱ्हाईक ताटकळत उभं राही आणि कापड मोजायचा गज हातातल्या हातात राही. एका शब्दासाठी महिना महिना अडून बसत. मठात त्यांची पदं म्हणताना कुणी एक शब्द इकडचा तिकडं केला, तर ते हात वर करून टाळ थांबवत. "शब्द लिंगासारखा असतो," ते म्हणत. "एकदा गळ्यात बांधला की बदलायचा न्हाई."

परभणीत बन्सीधर नावाचा एक सायकली आणि फोनो विकणारा दुकानदार होता. त्यानं एका लग्नात मल्लम्माला ऐकलं. कुठल्याशा कंपनीनं हैदराबादेत बंगला भाड्यानं घेतला होता आणि या मुलखातले आवाज त्यांना तबकडीवर हवे होते. बन्सीधर थेट ताडकळसला आला. लिंगराजनं आढेवेढे घेतले, पण सासऱ्यांनी पाथरीहून कळवलं, की जावं. आणि नुसतं कळवून ते थांबले नाहीत. स्वतः आले, आठ दिवस राहिले, आणि नीळकंठाचं पद तिच्याकडून घोटून घेतलं. त्या पदाचा शेवट असा होता:

गोड मला पाजलंस देवा, कडू घेतलंस तू
निळा झाला गळा तुझा, हसत राहिलास तू

"ह्या दोन ओळींसाठी मी बारा वरसं बसलोय, पोरी," ते म्हणाले. "सांभाळून न्ये."

बंगल्यातल्या त्या खोलीत भिंतींना सतरंज्या टांगल्या होत्या, खिडक्या बंद होत्या, आणि चैत्राच्या उन्हानं आत जीव घुसमटत होता. यंत्रापाशी बसलेल्या साहेबाला मराठीचा गंध नव्हता. त्याच्या हाताखालच्या माणसानं सगळं समजावलं. समोर मेणाची जाड तबकडी फिरेल, सुई तिच्यावर आवाज कोरेल. तांबडा दिवा लागला की गायचं. खोकायचं नाही, हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. मग त्याची नजर तिच्या हातांकडं गेली. बांगड्या उतरवा, म्हणाला.

"ते होणार न्हाई," लिंगराज म्हणाला. तो एरवी कमी बोलायचा. शेवटी एक चिंधी फाडून दोन्ही मनगटांवर बांगड्या आवळून बांधल्या.

दिवा लागला. मल्लम्मा गायला लागली. पहिली दोन कडवी अशी गेली, की सारंगीवाल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग शेवट आला आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला:

कडू मला पाजलंस देवा, गोड घेतलंस तू

तिचा श्वास मध्येच अडकला. हात आपसूक तोंडाकडं गेला, चिंधी सरकली आणि बांगड्या एकदाच खळकन वाजल्या. क्षणभर खोलीत नुसता तबला होता. तबलजी जुना मुरलेला; त्यानं एक आवर्तन रिकामं फिरवलं. मल्लम्मानं कशीबशी पुढची ओळ धरली आणि पद संपवलं. दिवा विझला.

"परत घ्या," ती म्हणाली. "ओळ उलटी झाली."

बन्सीधरनं चौकशी केली आणि हात हलवत परत आला. मेण संपलं होतं. शेवटची तबकडी हिचीच होती. सामान बांधायला सुरुवातही झाली होती. "साहेब म्हनायलेत, आवाज लय साफ उतरला," तो म्हणाला. "शब्दाकडं कोन बघतंय, बाई?"

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. लिंगराज म्हणाला, "येवढ्या तेवढ्यानं देव रागावत न्हाई."

"देवाचं न्हाई हो. मला अप्पांचं भ्या वाटायलंय."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पाच वर्षांत तिची दोन लेकरं गेली होती. एक बारा दिवसांचं, एक सात महिन्यांचं. दोन्ही वेळा तिनं देवाला एक शब्दही बोलून दाखवला नव्हता. सोमवारी नेमानं गाणं म्हटलं होतं. ओळ उलटली ती विसरण्यानं उलटली, असं तिला वाटेना. आपल्या आत कुणीतरी बसलंय आणि आज ते आपल्या तोंडानं बोललं, याचीच तिला धडकी भरली होती.

श्रावणात तबकडी आली. बन्सीधरच्या दुकानात तिनं ती एकदाच ऐकली. चूक तशीच होती, अडकलेला श्वास होता, आणि बांगड्या तर इतक्या जवळून वाजल्या की तिनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. घरी येऊन तिनं तबकडी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. वडिलांना लिंगराजनं कागद लिहिला: तबकडी रस्त्यात फुटली. लिहिताना त्यानं बायकोकडं पाहिलं नाही.

दीड वर्ष गेलं. चन्नबसप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घरात करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दुकान पुतण्याच्या हवाली करून ते ताडकळसला लेकीकडं राहायला आले. दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसून असत. माणसं त्यांना पायरवावरून ओळखू येऊ लागली.

एका बाजाराच्या दिवशी, दुपारच्या गर्दीत, एक कुणब्याची बाई मीठ-मिरची घ्यायला दुकानात आली. माहेर ताडकळसचं, दिलेली पोखर्णीला, बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेली. लिंगराज आत पोती लावत होता, म्हणून तराजू मल्लम्माच्या हातात होता. बाई उभ्या उभ्या गुणगुणत होती. मल्लम्मानं ओळ ओळखली आणि तराजू तसाच धरून ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "ओळ उलटी झाली बघा. गोड आधी हाय. गोड मला पाजलंस."

"न्हाई वं माय. कडूच आधी. रेकाडात तसंच हाय."

"मग रेकाडातली बाई चुकली आसंल."

"चुकंल कशानं?" त्या बाईला हसू आलं. "माझं नाव कडूबाई. कावून ठिवलं, ठावं हाय का? माझ्या आधीची चार लेकरं गेली. देव गोड गोड तेवढं उचलून न्हेतो, म्हून मायनं माझं नाव कडू ठिवलं. मी जगले. रेकाडातली बाई तेच तर म्हनायलीय. गोड घेतलंस तू. जिचं गेलंय तिलाच म्हनता येतंय आसं."

 मल्लम्मा मीठ तोलत राहिली. पारडं केव्हाच खाली गेलं होतं.

कडूबाई आता रंगात आली होती. त्यांच्या गावच्या दिनकरराव पाटलांकडं फोनोचा बाजा होता. पाटलांनी रेकाड लावलं, बायांनी दारातून ऐकलं आणि उचललं. पुढं पोखर्णीच्या लेकी सासरी जाताना गाणं बरोबर घेऊन गेल्या. आता शिवारात निंदायला बसल्या तरी तेच, आणि नरसिंहाच्या देवळात तर ठरलेलंच.

"आन् त्या जाग्यावर खून हाय एक," ती म्हणाली.

"कसली खूण?"

"बांगड्या वाजत्यात. एकदाच. मंग सगळं चुप. आमी बी तसंच करताव."

ती मीठ-मिरची पदरात बांधून निघून गेली. मल्लम्मा ओट्याकडं बघायचं टाळत होती. ओट्यावर वडील बसले होते, आणि डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

"मल्लम्मा," चन्नबसप्पा म्हणाले. "रेकाड रस्त्यात फुटलं म्हून कागद आला होता."

"फुटलं न्हाई, अप्पा."

"कुठं हाय?"

"पेटीत."

 त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ, लिंगपूजा उरकून बाहेर आले आणि जावयाला म्हणाले, "नरसिंह जयंती कदी हाय? मला पोखर्णीला न्या. बायांना ओळ नीट शिकवून येतो. माझं पद उलटं फिरायलंय."

लिंगराजनं बायकोकडं पाहिलं. मल्लम्मानं मान खाली घातली. तिला वडिलांना अडवायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अडवायचंही नव्हतं. ती बांगड्यांची गोष्ट कानांतून जात नव्हती.

वैशाखाच्या उन्हात गाडी जुंपली. परभणीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोखर्णी गाठली. देवळाभोवती गाड्या सुटल्या होत्या, बैल सावलीला बांधले होते. कडूबाईनं त्यांना गर्दीत ओळखलं. वाण्याची बाई एवढ्या लांबून आली म्हणून तिला नवल वाटलं.

"हे माझे वडील," मल्लम्मा म्हणाली. "ते पद ह्यायनंच रचलंय."

कडूबाईनं वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

"मला बायांना चार शब्द सांगायचेत," चन्नबसप्पा म्हणाले. "ओळीत चूक हाय."

"सांगा की बाबा," कडूबाई म्हणाली. "पन आधी ऐका. मंग सांगा."

तिनं त्यांना सभामंडपातल्या एका खांबाशी नेऊन बसवलं. मंडप बायांनी भरला होता. गर्दी मल्लम्माच्या अंदाजाबाहेरची होती. तीनशे तरी असतील, आणि बाहेर पायऱ्यांवर आणखी. बहुतेक कुणब्यांच्या, काही माळ्यांच्या, कोपऱ्यात दोन-चार लिंगायतही. शेजारी एक म्हातारी विधवा बसली होती. कडूबाईनं सांगितलं, ही धुरपताबाई, सगळ्यांत आधी हे पद हिनंच उचललं. धुरपताबाईच्या मांडीवर शिदोरीचा पितळी डबा होता.

पद सुरू झालं. चाल मल्लम्माचीच होती, पण थोडी जड, थोडी संथ झालेली, जात्यावरच्या गाण्यासारखी. वडील काठीवर दोन्ही हात ठेवून कान देऊन बसले होते. पहिल्या कडव्यातला एक शब्द गावठी झाला होता. त्यांची बोटं काठीवर हलली. मल्लम्मा त्यांच्या बोटांकडं बघत होती. मग शेवट आला.

कडू मला पाजलंस देवा, गोड घेतलंस तू

आणि तीनशे बायांचा श्वास अडकला. एकाच जागी, एकदम, जसा तिचा त्या बंद खोलीत अडकला होता. तीनशे हात तोंडापर्यंत गेले आणि बांगड्या वाजल्या. एकदाच. त्या आवाजानं मंडपाच्या दगडात काहीतरी हललं असं मल्लम्माला वाटलं. धुरपताबाईच्या हातांत बांगड्या नव्हत्या. तिनं डब्याच्या झाकणावर नखानं टिचकी मारली. मग एक आवर्तनभर सगळं गप्प. कुणी खोकलं नाही. पायरीवरचं लेकरूसुद्धा रडायचं थांबलं.

मल्लम्मानं ते ओळखलं. ती तिची भीती होती. घामानं ओली चिंधी, तांबडा दिवा, अडकलेला श्वास, तिच्या आयुष्यातला सगळ्यांत लाजिरवाणा क्षण. तो या बायांनी जसाच्या तसा उचलला होता आणि देवापुढं ठेवला होता. त्यांच्यातल्या एकीलाही ती माहीत नव्हती. तरी तिचा हात त्यांच्या हातांत होता, तिचा श्वास त्यांच्या छातीत होता.

शांततेतून पुढची ओळ उठली, आणि तीही बदललेली होती:

निळा झाला गळा माझा, हसत राहिलास तू

तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. ती तर घाबरून 'गळा तुझा'वरच परतली होती. चूक अर्धीच राहिली होती. ती या बायांनी पुरी केली होती.

पद संपलं. कडूबाई म्हाताऱ्यापाशी आली. "आता सांगा, बाबा."

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. चन्नबसप्पांनी तोंड उघडलं. मल्लम्माला वाटलं, आता हात वर होणार, टाळ थांबवतात तसा. हात काठीवरून उचललाही गेला. मग तो गुडघ्यावर आला.

"आजून एकदा म्हना," ते म्हणाले.

बायांनी पुन्हा सुरू केलं. या वेळी मल्लम्माला गप्प बसवेना. आधी ती ओठांतच म्हणत होती, मग तिच्याही नकळत आवाज सुटला. चौथ्या-पाचव्या ओळीला कडूबाईची मान सावकाश तिच्याकडं वळली. रेकाडातला आवाज तिनं शंभरदा ऐकला असेल. तिनं मल्लम्माच्या तोंडाकडं पाहिलं, मग मनगटाकडं.  तिनं मल्लम्माचा हात हातात घेतला आणि गात राहिली. शेवट आला तेव्हा मल्लम्मानं ओळ उलटीच म्हटली, आणि या वेळी ती तोंडातून निसटली नव्हती. बांगड्या वाजवायच्या वेळी कडूबाईनं तिचा हात सोडला नाही. दोघींचे हात मिळूनच वर गेले.

चन्नबसप्पांनी पद आणखी दोनदा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, आणि ती रिकामी जागा ते बरोबर मोजत होते. कुणी त्यांना पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. निघताना धुरपताबाईनं डबा उघडून त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो त्यांनी तिथंच तोंडात टाकला.

दुपार कलल्यावर गाडी निघाली. लिंगराज पुढं कासरा धरून बसला होता. 

"अप्पा, माझं चुकलं," मल्लम्मा म्हणाली. "आन् खोटं बोलले, ते येगळंच."

"चुकलंच," चन्नबसप्पा म्हणाले. "चूक ती चूकच ऱ्हाती. माझी ओळ खरी हाय, मी ती सोडनार न्हाई." त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली. "पन मी नुसता जबाब लिहून बसलो होतो. बारा वरसं. सवाल काय हाय, ते मला ठाऊकच न्हवतं."

मग त्यांनी लेकीच्या दिशेनं तोंड वळवलं. दिसत काही नव्हतं, तरी वळवलं.

"थोरल्याचं नाव काय ठिवलं होतं गं?"

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लेकरं गेली तेव्हा ते दोन्ही वेळा आले होते, ओट्यावर बसले होते, शिवाची मर्जी म्हणून उठून गेले होते.

"नाव ठिवायच्या आधीच गेला, अप्पा. बाराव्या दिवशी पाळना बांधला होता."

"आन् धाकली?"

"पारू."

"पारू," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, एखादा शब्द पदात बसतो का ते बघावं तसं. लिंगराजनं पाठमोरंच उपरण्यानं तोंड पुसलं.

माळावर आल्यावर रस्त्याला फाटे फुटले. जत्रेहून परतणाऱ्या गाड्या आपापल्या गावच्या वाटांना लागल्या, काही ओढ्याकडं, काही रेल्वेच्या रुळांपलीकडं. कुठल्यातरी गाडीतून पद सुरू झालं. मग दुसऱ्या गाडीतून, थोडं मागून. मग पार उजवीकडून, जिथं नुसती धूळ दिसत होती. कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. एका गाडीत ओळ येत होती, तेव्हा दुसऱ्या गाडीतल्या बांगड्या वाजत होत्या आणि तिसरीकडं सगळं गप्प होतं.

"गाडी जरा थांबवा," मल्लम्मा म्हणाली.

लिंगराजनं कासरा ओढला. ती गाडीतच उभी राहिली. ऊन उतरणीला लागलं होतं, चारी बाजूंना उघडा माळ होता, आणि चारी बाजूंनी तिचा आवाज तिच्यापासून दूर जात होता. तो कुठं थांबणार हे तिला कळायला मार्ग नव्हता. वडीलही मान तिरकी करून ऐकत होते. शेवटची गाडी टेकाडाआड गेली, मग तिचंही गाणं ऐकू येईनासं झालं, तरी दोघांपैकी कुणीच लिंगराजला गाडी हाक म्हणालं नाही.